८२ विजयांची पार्श्वभूमी : सॅम स्नीड यांची दीर्घ कारकीर्द

ऑक्टोबर २०१९ मध्ये जपानमधील झोझो चॅम्पियनशिप जिंकून गोल्फपटू टायगर वूड्सने पीजीए टूर या अमेरिकी व्यावसायिक गोल्फ मालिकेतील ८२ वा विजय मिळवला आणि जुन्या पिढीतील अमेरिकी गोल्फपटू सॅम स्नीड यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. स्नीड यांच्या नावावरील हा आकडा मुळात अनेकदा बदललेला आहे. जुन्या स्पर्धांची छाननी झाल्यावर काही विजय वगळले गेले, तर सेंट अँड्र्यूज येथे १९४६ साली त्यांनी जिंकलेली ब्रिटिश ओपन पीजीए टूरच्या हिशेबात २००२ मध्ये धरली गेली. माझ्या मते मात्र बेरजेपेक्षा त्या विजयांचा काळ अधिक विलक्षण आहे, कारण त्यांतला पहिला १९३६ चा, तर शेवटचा १९६५ चा आहे.

स्नीड यांचा जन्म २७ मे १९१२ रोजी व्हर्जिनिया राज्यातील हॉट स्प्रिंग्जजवळच्या अ‍ॅशवुड या डोंगराळ गावात झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि गोल्फशी त्यांचा परिचय श्रीमंतांच्या बॅगा वाहणारा कॅडी म्हणून, लहान वयातच झाला. पुढे वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीनब्रायर या हॉटेलच्या गोल्फ कोर्सवर त्यांना व्यावसायिक म्हणून नोकरी मिळाली. त्या काळी बक्षिसाच्या रकमा तुटपुंज्या असत. त्यामुळे क्लबची नोकरी हाच बहुतेक व्यावसायिकांच्या पोटापाण्याचा आधार होता. ब्रिटिश ओपनच्या विजेत्याला १९४६ मध्ये १५० पौंड मिळाले, आणि प्रवासखर्चच त्याहून अधिक झाल्याने स्नीड पुढच्या वर्षी विजेतेपद राखण्यासाठी परतलेही नाहीत.

बेन होगन आणि बायरन नेल्सन हे त्यांचे दोन्ही थोर प्रतिस्पर्धी त्याच वर्षी, १९१२ मध्येच जन्मले होते. नेल्सन यांनी १९४६ नंतर नियमित खेळणे थांबवले आणि होगन यांना १९४९ च्या मोटार अपघातानंतर मोजक्याच स्पर्धांत उतरता आले. स्नीड यांचा लयदार, सैल स्विंग शरीरावर फारसा ताण न देणारा होता, आणि याच गुणामुळे ते या दोघांहून कितीतरी अधिक काळ टिकले, असे मला वाटते. त्यांनी १९५० या एकाच वर्षी ११ स्पर्धा जिंकल्या. गोल्फमधील प्रमुख स्पर्धांपैकी एक असलेली मास्टर्स त्यांनी १९४९, १९५२ व १९५४ मध्ये जिंकली आणि यांपैकी शेवटच्या वेळी होगन यांना प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक फेरीत, एक फटका कमी घेऊन हरवले. पीजीए चॅम्पियनशिपही त्यांनी तीनदा मिळवली.

यूएस ओपन मात्र त्यांना कधीच लाभली नाही. चार वेळा ते उपविजेते ठरले, पण सर्वांत जिव्हारी लागणारा पराभव १९३९ मधला होता. मैदानावर आजच्यासारखे गुणफलक नव्हते, त्यामुळे शेवटच्या होलवर पाच फटके पुरेसे आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. बर्डी (होलसाठी ठरलेल्या फटक्यांहून एक कमी) हवी अशा समजुतीने त्यांनी धोका पत्करला आणि तिथे आठ फटके घेतले. १९४७ च्या प्लेऑफमध्ये अखेरच्या होलवर ते एक छोटा पट (चेंडू होलमध्ये घालण्यासाठीचा हलका फटका) मारण्याच्या तयारीत असताना प्रतिस्पर्धी ल्यू वर्शम यांनी, आधी कोणी खेळायचे हे ठरवण्यासाठी, चेंडूंचे होलपासूनचे अंतर मोजण्याची मागणी केली. मोजमापानंतर पाळी स्नीड यांचीच आली, आणि सुमारे ३० इंचांवरून त्यांचा पट चुकला. इतक्या मोठ्या खेळाडूला या दोन प्रसंगांवरूनच ओळखणे मला अन्यायाचे वाटते.

उतारवयात आखूड पट मारताना त्यांचा हात थरथरू लागला. त्यावर उपाय म्हणून त्यांनी चेंडूच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून क्रोके या खेळासारखे पट मारणे सुरू केले. १९६८ पासून नियमाने त्याला मनाई झाली, तेव्हा त्यांनी दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन, होलकडे तोंड करून खेळण्याची पद्धत अवलंबली. त्यापूर्वीच, १९६५ मध्ये, त्यांनी ग्रीन्सबरो येथील स्पर्धा आठव्यांदा जिंकली होती. तेव्हा त्यांचे वय ५२ वर्षे १० महिने होते, आणि ही स्पर्धा त्यांनी सर्वप्रथम १९३८ मध्ये जिंकली होती, हे लक्षात घेतले की त्या विजयाचे मोल कळते. ६२ व्या वर्षी, १९७४ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, ते संयुक्त तिसरे आले, तर १९७९ च्या क्वाड सिटीज ओपनमध्ये ६७ वर्षांच्या स्नीड यांनी एका फेरीत ६७ आणि नंतरच्या फेरीत ६६ फटके घेतले. ज्येष्ठ खेळाडूंच्या लेजंड्स ऑफ गोल्फ या स्पर्धेची पहिली आवृत्ती त्यांनी १९७८ मध्ये गार्डनर डिकिन्सन यांच्या जोडीने जिंकली. या स्पर्धेला मिळालेल्या प्रतिसादामुळे १९८० मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिकांसाठी स्वतंत्र सीनिअर टूर सुरू झाली. स्नीड तोवर साठीच्याही बरेच पुढे गेले होते.