बंदुकीच्या गोळ्यांची ऑनलाइन विक्री बंद करणं वेगळं, गोळ्यांना बॅकग्राउंड चेक लावणं वेगळं

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की ग्रुपवर ठरलेला मेसेज येतोच, 'तिथे काय, घरबसल्या ऑनलाइन बंदूक मागवता येते'. बंदुकीचं आता बऱ्याच जणांना माहितीये म्हणून पटकन सांगते: वेबसाइटवर पैसे भरले तरी दुकानदाराची बंदूक तुमच्या घरी येत नाही, लायसन्सवाल्या डीलरकडे येते, तिथे जाऊन खरेदीदाराचा केंद्रीय फॉर्म (४४७३) भरायचा, आयडी दाखवायचा, बॅकग्राउंड चेक (बंदूक घ्यायला बंदी आहे का याची सरकारी रेकॉर्डमधली तपासणी) क्लिअर झाला की मिळते. दोन खाजगी माणसांतल्या विक्रीला केंद्रीय कायद्याने हा चेक नाही, ती पळवाट हा वेगळा विषय.

गोळ्यांचं तसं नाही. बहुतेक राज्यांत काडतुसांचा खोका थेट दारात येतो, आणि घोळ इथेच होतो कारण लोक म्हणतात 'ऑनलाइन आहे म्हणून चेक होत नाही'. अहो, दुकानात गेलात तरी होत नाही! केंद्रीय कायद्याने बॅकग्राउंड चेक बंदुकीला लावलाय, गोळ्यांना लावलेलाच नाही. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला गोळी जवळ बाळगायलाही बंदी आहे, पण काउंटरवरच्या माणसाने ते तपासलंच पाहिजे असं केंद्रीय कायदा सांगत नाही. आपल्याकडे किती काडतुसं घ्यायची ते शस्त्र परवान्यावरच लिहिलेलं असतं, त्यामुळे हे पटकन डोक्यात शिरत नाही.

म्हणजे नुसती ऑनलाइन विक्री बंद केली तर काय होईल? माणूस दुकानात जाईल, चेहरा दिसेल, आयडी मागता येईल, वय कळेल. हेही कमी नाही. २०१८ मध्ये टेक्ससच्या सांता फे शाळेत १० जणांना मारणारा मुलगा १७ वर्षांचा होता, त्याने गोळ्या ऑनलाइन मागवल्या होत्या, काउंटरवर कोणीतरी वय विचारलं असतं. पण तीस वर्षांचा, शिक्षा भोगून आलेला माणूस? त्याला दुकानातही गोळ्या मिळतील, त्याला अडवायला चेकच लागतो.

आणि उलटंही खरंय. २०१२ मध्ये कोलोराडोतल्या ऑरोराच्या थिएटरमध्ये झालेल्या गोळीबाराचं उदाहरण देऊन 'चेक असता तर वाचले असते' म्हणतात, याचा मला खरंच राग येतो. तिथल्या हल्लेखोराने बंदुका रीतसर चेक पास करून घेतल्या होत्या, गोळ्यांचाही पास झालाच असता. त्याने ६,००० च्या वर गोळ्या ऑनलाइन घेतल्या आणि कोणाला पत्ताच नाही, हा तिथला प्रश्न. त्यानंतर लगेच सिनेटर लॉटेनबर्ग आणि प्रतिनिधीगृहातल्या कॅरोलिन मॅकार्थी यांनी (मॅकार्थींचा नवरा १९९३ मध्ये लाँग आयलंडच्या ट्रेनमधल्या गोळीबारात गेला होता) जे बिल आणलं त्यात म्हणूनच फोटो आयडी, विक्रेत्याला लायसन्स, विक्रीची नोंद आणि सलग पाच कामकाजाच्या दिवसांत १,००० च्या वर गोळ्या घेतल्या तर पोलिसांना कळवणं, एवढंच होतं. ते पास झालं नाही.

गोळ्यांच्या विक्रीवर बंधनं घालायची ही मागणी नवीन आहे असंही नाही. १९६८ च्या केंद्रीय बंदूक कायद्यात गोळ्या परराज्यातून पोस्टाने मागवायला बंदी होती, विक्रेत्याला लायसन्सही लागायचं. १९८६ मध्ये दोन्ही काढलं.

मला विचाराल तर दोन्ही हवं, आणि एकच मिळणार असेल तर चेक आधी. कॅलिफोर्नियाने दोन्ही केलं, २०१८ पासून ऑनलाइन ऑर्डर लायसन्सवाल्या विक्रेत्याकडे घ्यायची आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला चेक. न्यूयॉर्कनेही २०२३ मध्ये चेक सुरू केला. कॅलिफोर्नियाविरुद्ध सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदक घेतलेली नेमबाज किम ऱ्होड कोर्टात गेली आणि त्या केसमध्ये एक तक्रार अगदी रास्त आहे: घर बदललं, सरकारी रेकॉर्डला जुना पत्ता राहिला, तर काही गुन्हा नसतानाही काउंटरवर नकार येतो. मग रेकॉर्ड दुरुस्त करा, पत्ता बदलणं सोपं करा, पण तेवढ्यासाठी चेकच काढून टाका हे मला अजिबात मान्य नाही.