ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची घरगुती दुरुस्ती (ग्रामीण विदर्भ)

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स मोठ्या वर्कशॉपात न नेता अंगणात, गोठ्याच्या सावलीत किंवा गावातल्या मिस्त्रीच्या टपरीपुढे उघडणे, दुरुस्त करणे अथवा अख्खा बदलणे. यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या खेड्यांत ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळी यंत्रे येतात. बहुतेक फजितीची सुरुवात इथेच होते, कारण एकाला लागू पडणारा इलाज दुसऱ्याला मारक ठरतो.

सर्वांत जास्त आहे ती गिअरलेस स्कूटर. तिला कोणी ऑटोमॅटिक म्हणत नाही, पण आहे ती तीच. दोन पुल्या आणि मध्ये रबरी बेल्ट. हीच कल्पना नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत आणली होती. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुलीचे दोन भाग जवळ येऊन ती मिटते आणि बेल्ट तिच्यावर वर चढतो. रोलर एका अंगाने चपटे झाले, की “गाडी रेस घेते, पण उचलत नाई” ही तक्रार येते. बेल्ट-रोलर बदलणे हे खरोखर घरी होणारे काम आहे. अडते ते फक्त पुढच्या पुलीच्या नटाशी. पुली इंजिनाबरोबर फिरते, म्हणून काही जण तिच्या पात्यांत पेचकस अडकवतात आणि पाती मोडून बसतात. जाणता मिस्त्री स्पार्क प्लग काढतो, त्या भोकातून सुती दोर आत सोडतो आणि एक टोक बाहेर ठेवतो. पिस्टन दोरावर येऊन अडतो, नट सुटतो. मात्र दोन्ही व्हॉल्व मिटलेले असतानाच दोर सोडायचा, नाही तर तो व्हॉल्वखाली चेंगरतो. जोडताना ग्रीसचा हात बेल्टला लागू द्यायचा नाही. मागच्या गिअरचे ऑइल वेगळे असते, अनेक स्कूटरांत जेमतेम १२० मिलीलिटर.

दुसरे यंत्र एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून ते भारतात स्वस्त गाड्यांत आले. आतला गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट साध्या गाडीसारखीच. फक्त क्लच दाबण्याचे पायाचे आणि गिअर टाकण्याचे हाताचे काम अॅक्च्युएटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमावर हलणारे यंत्र, करतो. विदर्भात तिचा शत्रू म्हणजे पांदण रस्ता. पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाऱ्यात चाक रुतले, की चालवणारा अॅक्सिलरेटर दाबूनच ठेवतो, क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो आणि जळका वास सुटतो. प्लेट बदलणे गावात जमते. खरी अडचण त्यानंतरची: नव्या प्लेटची पकड कुठे सुरू होते, हे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून शिकवावे लागते. ते न केल्यास गाडी हिसके देते किंवा गिअरच घेत नाही. मोबाइलला जोडायचे स्वस्त यंत्र बहुधा एररचा कोड वाचते, शिकवत नाही. मग काम संपूनही गाडी स्कॅनरवाल्याची वाट पाहत उभी राहते.

तिसरे यंत्र टॉर्क कन्व्हर्टरचे. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला तेलाने भरलेला डबा; इंजिनाची ताकद इथे तेलातून पुढे जाते. तेच तेल आतले क्लच दाबते, व्हॉल्व बॉडी (तेल कोणत्या क्लचला जायचे ते ठरवणारा बारीक वाटांचा भाग) चालवते आणि सगळे थंडही ठेवते. म्हणून घरी करण्याजोगे काम म्हणजे मुख्यतः तेल आणि फिल्टर. जॅक काळ्या जमिनीत खचतो, त्यामुळे खाली फरशी किंवा जाड फळी टाकतात, आणि घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी टेकू) लावल्याशिवाय शहाणा माणूस गाडीखाली शिरत नाही. निघालेले तेल मोजून तेवढेच नवे भरायचे. कन्व्हर्टरमध्ये बरेचसे जुने उरतेच. तळाच्या लोहचुंबकावर करडा लगदा असणे नेहमीचे, पण धातूचे तुकडे दिसले तर झाकण लावून थांबावे. व्हॉल्व बॉडी अंगणात उघडणे हा निव्वळ आगाऊपणा आहे: तिच्या बारीक वाटांत कचऱ्याचा एक कण अडकला तरी गिअर अडतो, आणि कापसाच्या दिवसांत हवेत धुळीसोबत तंतूही उडत असतात.

पूर्ण गिअरबॉक्स बदलताना चेनकप्पी लागते, लोखंडी तिपाईवर किंवा शेडच्या गर्डरला टांगलेली. जुना घेतल्यास मॉडेलच नव्हे, त्यावरचा कोडही जुळवून पाहावा लागतो. सर्वांत महाग चूक कन्व्हर्टर बसवताना होते. तो फिरवत फिरवत पुरता आत जाईपर्यंत ढकलावा लागतो. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला भिडवला, तर तेलाचा पंप फुटतो आणि सगळे पुन्हा उतरवावे लागते.

गावात न जमल्यास गाडी नागपूरला किंवा अमरावतीला जाते, आणि ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याचा मोह होतो. एएमटी न्यूट्रलमध्ये असेल तर ती ओढता येते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत तेलाचा पंप इंजिन चालू असतानाच फिरतो. बंद गाडीची चालती चाके (इंजिन ज्यांना फिरवते ती) जमिनीवर ठेवून लांब ओढली, तर आतले भाग तेलाविना घासतात. त्यामुळे ती चाके उचलणारी किंवा अख्खी गाडी पाठीवर घेणारी गाडी बोलवतात. बॅटरी उतरली असेल तर अशी गाडी धक्का मारून सुरू होत नाही, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल ओढावी लागते.