हिवाळी बाग (सोलापूर परिसर)

कार्तिक ते माघ या काळात फुले, फळे, शेंगा किंवा नुसते खोड यांमुळे पाहत राहावेसे वाटणारी झाडे-झुडपे निवडून केलेली बाग. सोलापुरात थंडी हा अडथळा नाही. डिसेंबरातही पहाटेचा पारा साधारण १५ अंशांच्या आसपास असतो. प्रश्न पाण्याचा. ऑक्टोबरात पाऊस आटोपला की काळ्या रानात उरलेल्या ओलीवर मालदांडी ज्वारी येते. बागेचे झाडही शक्यतो त्याच ओलीवर निभावणारे असावे.

या कसोटीला बोर सर्वांत चांगले उतरते. उन्हाळ्यात ते पाने टाकून मोकळे होते आणि हिवाळ्यात हिरवेगार असते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, घरोघरी बोरन्हाण होते, त्याच सुमारास फळ पिकते. काटे मात्र सोसावे लागतात. कुंपणालगत पिवळी कोरांटी लावावी; ती पाऊस सरल्यावर फुलते आणि काटेरी असल्याने गुरे तिच्या फारशी वाटेला जात नाहीत.

बुच (आकाशनिंब) रात्री फुलतो, पहाटे खाली पांढरा सडा पडतो. लांब देठांमुळे त्या फुलांची वेणी दोऱ्याशिवाय गुंफता येते. लाकूड ठिसूळ असल्याने हे झाड घराच्या भिंतीलगत नको. पानगळीचीही शोभा असते: शिरीषाच्या वाळक्या, फिक्या पिवळ्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात, तर निष्पर्ण कांडोळाचे पांढरे खोड चांदण्यात उठून दिसते, ‘भुताचे झाड’ हे नाव त्यावरूनच. कांडोळाला मुरमाड, निचऱ्याची जागा लागते; पाणी धरणाऱ्या काळ्या मातीत त्याला लावू नये. फळांवरचे केस त्वचेला डंखतात, तेव्हा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ते दूरच बरे.

मेक्सिकोहून आलेल्या पॉइन्सेटियाची लाल ‘फुले’ म्हणजे खरे तर रंगलेली पाने. ती रंगण्यासाठी लांब, अखंड अंधाराच्या रात्री लागतात. रस्त्याच्या दिव्याखाली लावलेले झुडूप हिरवेच राहिले, तर दोष खताचा नसतो. बोगनवेलीला उलट पाणी तोडले की बहर येतो. रोज पाणी घालून तिची नुसती पाने वाढवणारे बागवान पुष्कळ.

माघाच्या अखेरीस काटेसावर आणि पांगारा फुलू लागतात. ज्वारीच्या रानांतून भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे तेव्हा या झाडांवर मधासाठी उतरतात.