हिरड्यांच्या आजारात नुसत्या गोळ्यांनी का भागत नाही

ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, एखादा दात हलतो, मग आपल्याकडे बरेच जण आधी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात, दोन-चार दिवसांत सूज उतरते आणि डेंटिस्टकडे जायचं राहून जातं. आजार मात्र आत तसाच चालू असतो.

दात आणि हिरडीच्या मध्ये एक छोटी खाच असते, निरोगी तोंडात साधारण 1 ते 3 मिलिमीटर खोल. डेंटिस्ट खुणा असलेली बारीक सळई (तिला प्रोब म्हणतात) प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून ती खोली मोजतात, आणि आकडा 5-6 आला की हिरडी दातापासून सुटलीय, खालचं हाडही झिजायला लागलंय असं बहुतेक वेळा असतं. या खोल झालेल्या खाचेत, म्हणजे पॉकेटमध्ये, जंतू सुटेसुटे नसतात, ते चिकट थर करून राहतात, बायोफिल्म, आणि त्यातच दगडासारखं किटण धरतं. गोळीतलं औषध रक्तातून हिरडीपर्यंत पोचतं खरं, पण या थरात नीट शिरत नाही, शिवाय आतले बरेच जंतू सुस्त पडलेले असतात त्यामुळे त्यांच्यावर परिणामही कमी होतो. म्हणून आधी थर फोडायलाच लागतो. गरज असेल तर भूल देऊन, मशीनने आणि हाताच्या अवजारांनी, हिरडीखाली मुळापर्यंत साफ करतात, तेच डीप क्लीनिंग.

क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात असं घरोघरी ऐकायला मिळतं. अहो, हाड आधीच गेलेलं असतं, किटणाने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात, ते निघालं की खरी परिस्थिती कळते एवढंच.

आता औषधं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2015 मध्ये 72 संशोधन लेख तपासले, त्यात नुसत्या डीप क्लीनिंगने हिरडीची दाताला असलेली पकड सरासरी अर्धा मिलिमीटर सुधारते असं दिसलं. सोबत क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची चिप वापरली तर आणखी 0.4 मिलिमीटरच्या आसपास. ही चिप नखापेक्षा लहान असते, तिच्यात 2.5 मिलिग्रॅम औषध असतं, ती पॉकेटमध्ये सरकवून ठेवतात आणि आठ-दहा दिवसांत ती विरघळून जाते, काढायला जावं लागत नाही. आकडे छोटे वाटतील, पण ते सरासरी आहेत, आणि दाताभोवतीची एवढीशी पकडसुद्धा पुन्हा मिळवणं सोपं नसतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात संशोधक लॉर्न गोलब यांनी डायबेटिस असलेल्या उंदरांना याच कुळातलं मिनोसायक्लिन दिलं तर हिरडीतलं कोलॅजन (हिरडीला बळकटी देणारं प्रोटीन) तोडणारं एन्झाइम कमी झालं, आणि ज्या उंदरांच्या अंगात जंतूच नव्हते त्यांच्यातही तेच झालं! 1983 मध्ये हे छापून आलं. म्हणजे औषध इथे जंतू मारत नव्हतं, जंतूंशी लढताना आपलंच शरीर जी मोडतोड करतं ती थांबवत होतं. त्यातूनच पुढे डॉक्सिसायक्लिनची 20 मिलिग्रॅमची गोळी आली, दिवसातून दोनदा, काही महिने, जंतू मरणार नाहीत इतका कमी डोस. 1998 मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली, तीही डीप क्लीनिंगच्या जोडीलाच.

अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकची जोडगोळी मात्र सरसकट देऊ नये असं 2020 ची युरोपियन गाइडलाइन सांगते, तरुण वयात तोंडभर गंभीर आजार असेल अशा ठराविक पेशंटमध्येच तिचा विचार करायचा. आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग खरी गरज पडेल तेव्हा काय करणार?

शुगर कंट्रोलमध्ये नसेल, किंवा मिश्री, तंबाखू, सिगरेट चालू असेल तर हिरडी भरून यायला त्रास होतो, हे डेंटिस्टला मोकळेपणाने सांगा. क्लीनिंगनंतर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा प्रोबने मोजतात, पॉकेट 4 मिलिमीटर किंवा कमी आणि रक्त येत नसेल तर पुढे फक्त नियमित तपासणी, 6 किंवा जास्त राहिलं तर हिरडी उघडून साफ करायची छोटी सर्जरी सुचवतात.