'मिल-स्पेक'चा शिक्का मारतो कोण?

अमेरिकेत एआर-15 जातीची रायफल घ्यायला गेलं की 'मिल-स्पेक' (मिलिटरी स्पेसिफिकेशन, म्हणजे लष्करी मानक) हा शब्द हमखास कानावर पडतो. लष्कराची एम-4 रायफल ज्या मानकाबरहुकूम बनते त्याच मानकाबरहुकूम ही बनली आहे, असं त्यातून सुचवायचं असतं. अख्खी रायफल तशी असूच शकत नाही. एम-4 ची नळी 14.5 इंची, तर नागरिकाला खास नोंदणीशिवाय 16 इंचांपेक्षा आखूड नळी चालत नाही. एकदा चाप ओढून अनेक गोळ्या झाडणारं, 1986 नंतर बनलेलं हत्यारही त्याला विकत घेता येत नाही.

मग उरतात सुटे भाग. त्यातला बोल्ट घ्या. गोळी सुटताना काडतुसाला मागून अडवून धरणारा हा तुकडा. तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 4,000 पट असतो. लष्करी मानकात यासाठी 'कारपेंटर 158' हे पोलाद नेमून दिलंय, पण गोष्ट पोलादावर संपत नाही. बोल्ट बसवून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडायचं, मग त्याला चुंबकत्व देऊन वर लोहकण सोडायचे. बारीक भेग असेल तर चुंबकीय क्षेत्र तिथे बाहेर फुटतं आणि कण नेमके तिथेच गोळा होतात. बाजारातले काही उत्पादक प्रत्येक नग असा तपासतात, काही खेपेतले मोजकेच. जाहिरातीतला शब्द मात्र दोघांचा एकच! आपल्याकडे हेल्मेटवरच्या आयएसआय चिन्हामागे निदान एक सरकारी संस्था असते (चिन्ह खरं असेल तर). 'मिल-स्पेक' छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

मानकातल्या काही अटींमागे रक्त सांडलेलं आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांच्या सुरुवातीच्या एम-16 रायफलींच्या चेंबरला (नळीच्या ज्या टोकात काडतूस बसतं त्याला) क्रोमचा मुलामा नव्हता. त्यात काडतुसातली दारू बदललेली, सफाईचं साहित्य अपुरं. दमट हवेत चेंबर गंजायचं आणि रिकामी पुंगळी आत अडकून बसायची, तीही ऐन चकमकीत. 1967 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने याची चौकशी केली. पुढे चेंबरला आणि मग सगळ्या नळीला आतून क्रोम आलं.

पण नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणारा हाच मुलामा टाळतो. क्रोमचा थर सगळीकडे एकसारखा बसत नाही आणि अचूकता थोडी घटते, म्हणून त्याला साधी स्टेनलेस नळी आवडते. मानक चिखलातल्या सैनिकासाठी आहे, त्याच्यासाठी नाही.

कधीकधी तर हा शब्द निव्वळ माप सांगतो. दस्ता (रायफलीचा खांद्याला टेकवायचा भाग) ज्या नळकांड्यावर सरकतो त्याचा 'मिल-स्पेक' व्यास सुमारे 29.2 मिलिमीटर, 'कमर्शियल' त्याहून अर्धा मिलिमीटर जाड. एकाचा दस्ता दुसऱ्यावर नीट बसत नाही, एवढाच काय तो फरक.

एफएन कंपनीला 2013 मध्ये लष्कराकडून एम-4 चं कंत्राट मिळालं, आणि ती नागरिकांसाठीही रायफली बनवते. लष्कराच्या खेपेवर सरकारी निरीक्षकाची नजर असते. दुकानात जाणाऱ्या रायफलीबाबत कंपनीच्या शब्दावरच विसंबावं लागतं.