सैनिकांच्या जिल्ह्यावर ढकललेलं कारण

सातारचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं. मुलग्यांना एनडीएसाठी, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयार करणं हे त्याचं मूळ काम. तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला तो २०२१-२२ पासून, आणि त्याच सुमारास एनडीएचं दारही उघडलं. पण त्याआधीची बरीच वर्षं लष्करातल्या स्त्रियांच्या हक्कासाठी कोर्टात गेली होती.

वैद्यकीय सेवा सोडून लष्कराच्या इतर शाखांत स्त्रिया अधिकारी म्हणून आल्या १९९२ नंतर, त्याही मुदतीपुरत्या. २००३ मध्ये बबिता पुनिया या वकील महिलेने दिल्ली हायकोर्टात त्यांना कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे पुरुषांसारखी निवृत्तीपर्यंतची अधिकारपदाची नोकरी, मिळावी म्हणून याचिका केली. २०१० मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. निकालाला स्थगिती नव्हती, तरी अंमलबजावणी झाली नाही. २०१९ मध्ये कायमस्वरूपी कमिशन देऊ केलं तेही कार्यालयीन पदांपुरतं.

कमांड, म्हणजे तुकडीचं नेतृत्व, स्त्रियांना का नको? गरोदरपण, मुलांचं संगोपन, शारीरिक ताकद ही ठरलेली कारणं सरकारने पुढे केलीच. त्यात आणखी एक होतं: जवान बहुतेक खेड्यांतले, बाईचा हुकूम मानायची त्यांची मानसिकता नाही.

हे सातारकरांनी नीट ऐकण्यासारखं आहे. खेड्यांतले जवान म्हणजे आपलेच. पहिल्या महायुद्धात जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जण कामी आले. अशा गावांत गडी पलटणीत असताना शेती, तलाठी, सोसायटीचं कर्ज कोण बघत आलं? आणि हा युक्तिवाद चालला होता तेव्हा स्वाती महाडिक लष्करात अधिकारी होत्या. पती कर्नल संतोष महाडिक, याच सैनिक स्कूलचे विद्यार्थी, २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. २०१७ मध्ये त्या स्वतः प्रशिक्षण संपवून अधिकारी झाल्या.

१७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सरकारची ही कारणं बाईबद्दलच्या साचेबंद समजुतींवर उभी असल्याचं सांगितलं आणि कमांडवरची सरसकट बंदी राज्यघटनेच्या कलम १४ च्या, म्हणजे समानतेच्या हक्काच्या, विरोधात ठरवली. स्त्रियांना जपण्याच्या नावाखाली घातलेली बंदी याच कोर्टात २००७ मध्येही टिकली नव्हती. तेव्हा प्रश्न दिल्लीत मद्य मिळणाऱ्या हॉटेलांत स्त्रियांनी नोकरी करण्याचा होता.

तरी वाकडी वाट निघालीच. कायमस्वरूपी कमिशन देताना पुरुषांची तंदुरुस्ती नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी तपासलेली. तोच निकष पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेल्या स्त्रियांना लावला. उशीर सरकारचा, भुर्दंड त्यांना. दिसायला समान असलेला नियमही भेदभाव करू शकतो, हे कोर्टाने मार्च २०२१ मध्ये मान्य केलं. त्याच ऑगस्टच्या अंतरिम आदेशामुळे मुली एनडीएच्या परीक्षेला बसल्या. पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

लढाऊ शाखांचा प्रश्न मात्र या खटल्यात नव्हताच. तोफखान्यात स्त्रिया २०२३ मध्ये आल्या, पायदळ अजून बंद आहे. साताऱ्याची पोरं पिढ्यान्‌पिढ्या ज्या मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होतात, ती पायदळातच मोडते.