प्रवाळांचे प्रकाश-अनुकूलन

मत्स्यालयातल्या जिवंत प्रवाळांना नव्या किंवा अधिक तीव्र प्रकाशाची हळूहळू सवय लावण्याची पद्धत. टँकवरच्या जुन्या प्रकाशनळ्या उतरवून एलईडी चढवले, वर्षभर वापरलेला बल्ब बदलला, किंवा दुसऱ्याच्या टँकमधला तुकडा (छंदिष्टांच्या बोलीत ‘फ्रॅग’) घरी आणला, की या सवयीचा प्रश्न उभा राहतो. पाण्याच्या तापमानाशी आणि क्षारतेशी जुळवून घ्यायला फ्रॅगला तासभर पुरतो. प्रकाशाशी जुळवून घ्यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, आणि घाई नडते ती इथेच.

प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याचे पोट मुख्यतः एका भाडेकरूवर चालते. त्याच्या ऊतीच्या पेशींत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या आकाराची एकपेशीय शैवाले राहतात. ऊतीच्या एका चौरस सेंटीमीटरमध्ये त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. कार्ल ब्रांट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये त्यांना ‘झूझँथेला’ हे नाव दिले. पुढे ती सगळी सिम्बायोडिनियम या एकाच प्रजातीत गणली जात. २०१८ मध्ये त्यांची क्लाडोकोपियम, ड्युरुस्डिनियम, ब्रेव्हियोलम अशा निरनिराळ्या प्रजातींत फोड झाली. शैवाल प्रकाशसंश्लेषणाने साखर बनवते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. भाडे इतके घसघशीत असल्यामुळे प्रवाळाचा रंग, वाढ आणि आयुष्य या शैवालाच्या तब्येतीवर ठरते. दागिन्यातले तांबडे पोवळे मात्र या हिशेबात बसत नाही. ते भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढते, त्याच्या अंगात शैवाल नसते आणि त्याला प्रकाश लागतही नाही. मत्स्यालयात दिसणारे नारिंगी ट्युबास्ट्रियाही तसेच. त्याला प्रकाशाऐवजी खाऊ घालावे लागते.

प्रकाश कमी असेल तर शैवाल प्रकाश पकडण्याचे आपले जाळे मोठे करते. पेशीतले हरितद्रव्य वाढते, बऱ्याचदा पेशींची संख्याही वाढते आणि प्रवाळ गडद तपकिरी दिसू लागतो. दुकानाच्या मंद कोपऱ्यात पडून राहिलेला किंवा पिशवीत दोन दिवस प्रवास करून आलेला फ्रॅग अशा ताणलेल्या जाळ्यानिशी येतो. त्याला थेट भगभगीत दिव्याखाली ठेवले, तर जाळ्यात इतकी ऊर्जा अडकते की तिचे करायचे काय हे शैवालाला कळत नाही. कार्बन बांधण्याच्या यंत्रणेला तेवढा वेग नसतो. उरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात, प्रकाशयंत्रणेतले डी-१ नावाचे प्रथिन दुरुस्तीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने मोडते, आणि शेवटी प्रवाळ आपल्या भाडेकरूंना बाहेर काढतो. यालाच विरंजन म्हणतात. सागरी प्रवाळभित्तींच्या बातम्यांत त्याचे कारण बहुधा उष्णता असते, पण टँकमध्ये नुसता प्रकाशही तेवढेच करतो.

शैवालाकडे बचावाचे दोन मार्ग आहेत आणि त्यांच्या वेगात फार अंतर आहे. पहिला काही मिनिटांचा : डायडिनोझँथिन हे रंगद्रव्य डायटोझँथिनमध्ये बदलते आणि जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून सोडून देते. ढग सरून ऊन पडले, एवढ्या फरकाला हा मार्ग पुरतो. दुसरा मार्ग म्हणजे हरितद्रव्य कमी करणे, संरक्षक रंगद्रव्ये वाढवणे आणि यंत्रणेचे भाग नव्याने बांधणे. यजमान प्रवाळही निळा-हिरवा प्रकाश शोषून परत फेकणारी प्रथिने वाढवतो. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळाच्या टोकांची जांभळी-निळी झाक ज्यांच्यामुळे येते ती रंगीत प्रथिने याच घराण्यातली. हे सगळे बांधकाम दिवसांचे आणि आठवड्यांचे असते. अनुकूलन म्हणजे या बांधकामाला दिलेली मुदत.

या कामात सर्वांत मोठा फसवा आपला डोळा. विषुववृत्तीय समुद्रावर भर दुपारी वनस्पतींना वापरता येणारा प्रकाश सेकंदाला प्रति चौरस मीटर सुमारे २,००० मायक्रोमोल असतो, तर चांगल्या उजळलेल्या खोलीत तो दहाच्या आसपास. फरक दोनशे पटींचा, पण बाहुली आकसते आणि आपल्याला दोन्हीकडे नीट दिसते. हे माप ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले असते आणि छंदिष्ट त्याला नुसते ‘पार’ म्हणतात. ठोकताळा असा : मशरूम नावाचे चपटे प्रवाळ आणि बरेचसे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) ५० ते १०० पारवर सुखी असतात, हॅमर, टॉर्च अशा नावांचे युफायलिया गटातले प्रवाळ ८० ते १५० वर, आणि ॲक्रोपोरा २०० ते ३५० वर. हे आकडे कायद्यासारखे पाळायचे नसतात. एकच जात ५० वर तपकिरी आणि ३०० वर रंगीत जगू शकते, अट एवढीच की मधला प्रवास हळू व्हावा. मोबाइलवरचे लक्स मोजणारे ॲप इथे कमी पडते. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला म्हणजे हिरव्या रंगाला धार्जिणे. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीखाली ते फारच कमी आकडा दाखवते. एकाच दिव्याची कालची आणि आजची तुलना करायला ते चालते, याहून अधिक विश्वास त्यावर टाकू नये.

मेटल हॅलाइडचे २५० आणि ४०० वॉटचे दिवे आणि टी-५ नळ्या होत्या तेव्हा बल्ब जुना होत प्रकाश आपोआप घटत असे आणि नवा बल्ब लागला की टँकला एकदम झटका बसत असे. सगळ्या नळ्या एकाच दिवशी न बदलता आठवडाआड एकेक बदलण्याचा नियम त्यातून आला. एलईडी आले तेव्हा त्यांचा निळसर उजेड डोळ्याला मंद वाटला, म्हणून लोकांनी ते पूर्ण जोरावर लावले आणि ओळीने प्रवाळ पांढरे पडले. भिंगांमुळे एलईडीचा प्रकाश एका ठिकाणी एकवटतो. दिव्याच्या बरोबर खाली आणि एका वितीवर असलेल्या दोन खडकांच्या पारमध्ये दुपटीचा फरक सहज निघतो. दिव्याच्या नियंत्रकातली पहाट-संध्याकाळ ही सोय छान दिसते, मात्र तिला अनुकूलन समजू नये. दुपारचा उच्चांक तोच राहिला तर सकाळच्या अर्ध्या तासाच्या चढाने काही साधत नाही.

प्रत्यक्षात चार-पाच रीती रूढ आहेत. दिवा बदलला असेल तर नवा दिवा जुन्याच्या पारशी जुळेल इतक्या कमी जोरावर सुरू करावा. मापक नसेल तर निम्म्याच्या खालूनच, आणि दर दोन-तीन दिवसांनी पाच टक्के वाढ. अनेक नियंत्रकांत यासाठी स्वतंत्र ‘ॲक्लिमेशन’ कळ असते. दिवा उंच टांगणे हा दुसरा उपाय, दिवसाचे तास कमी करणे हा तिसरा. तास कमी केल्याने एकूण मात्रा घटते (२०० पार आठ तास म्हणजे दिवसाला सुमारे ५.८ मोल), उच्चांक तेवढाच राहतो; म्हणून एकट्या या उपायावर विसंबू नये. नवा एकच फ्रॅग आला असेल तर त्याला टँकच्या तळाशी वाळूवर ठेवावे आणि आठवड्याला एक पायरी वर न्यावे. रोज उचलून इकडून तिकडे ठेवणाऱ्याच्या हाती कुठलाच प्रवाळ रुळत नाही.

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय खिडकीच्या मच्छरजाळीचा. फायबरच्या जाळीचे तीन-चार थर टँकच्या काठावर, फक्त नव्या फ्रॅगच्या डोक्यावर येतील असे ठेवायचे आणि चार-पाच दिवसांनी एकेक काढायचा. बाकीच्या रहिवाशांना त्याचा त्रास नाही आणि दिव्याच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. जाळी धातूची नसावी, ती गंजते आणि तिचे थेंब पाण्यात उतरतात. फुटणाऱ्या बुडबुड्यांचे मीठ जाळीवर साचून ती अधिक गडद होत जाते, म्हणून मधूनमधून धुवावी. नाहीतर शेवटचा थर काढताना झेप अपेक्षेपेक्षा मोठी निघते.

दिव्याला हात न लावताही प्रकाश वाढू शकतो. महिनोन्‌महिने पिवळसर होत गेलेल्या पाण्यात ताजा सक्रिय कोळसा टाकला की दोन दिवसांत पाणी काचेसारखे होते आणि निळा प्रकाश खोल उतरतो. त्या आठवड्यात प्रवाळ फिके पडले तर दोष कोळशाच्या बेताबाहेरच्या मात्रेला द्यावा. २९-३० अंशांच्या वर गेलेले पाणी आणि तीव्र प्रकाश ही जोडी वाईट, म्हणून मुंबईच्या मे महिन्यात पाणी थंड ठेवणारा चिलर दुरुस्तीला गेला असेल तर दिव्याचा जोर वाढवण्याचा बेत पुढे ढकलावा. शैवालाला पोषक असलेले फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणलेल्या ‘स्वच्छ’ टँकमध्येही शैवाल दुबळे असते.

निसर्गातले प्रवाळ अशा बदलांतूनच जातात. मालवणच्या सागरी अभयारण्यात (घोषणा १९८७) सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ गढूळ, उथळ पाण्यात वाढतात. पावसाळ्यात गाळ येतो तेव्हा उजेड अगदीच आटतो आणि नंतर पाणी निवळते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेवर माथा वीसएक मीटर खोल असूनही पाणी नितळ आहे. खोली सांगून प्रकाश कळत नाही, तो यामुळे. या प्रवाळांचे तुकडे घरी आणण्याचा विचारही करू नये. दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

चूक झाली हे ओळखायचे कसे? प्रकाशाने झालेले विरंजन वरून सुरू होते. दिव्याकडची बाजू पांढरी आणि सावलीतली, प्लगला (फ्रॅग ज्यावर चिकटवतात त्या बैठकीला) टेकलेली कड अजून तपकिरी, असे दिसले की निदान जवळजवळ पक्के. उष्णतेने झालेले सहसा असे बाजू निवडत नाही. मशरूम आक्रसून नाण्याएवढे होतात, झोआ (फुलांसारखे उमलणारे छोटे प्रवाळ) दिवसभर मिटून राहतात. उलट झोआंचे देठ लांबून ते दिव्याकडे मान वर काढत असतील तर प्रकाश कमी पडतो आहे. पांढरा प्रवाळ म्हणजे मेलेला प्रवाळ नव्हे : ऊती पारदर्शक होऊन आतला सांगाडा दिसत असतो आणि रात्री टॉर्च मारून पाहिले तर बारीक पॉलिप (प्रवाळाची स्पर्शिका असलेली तोंडे) बाहेर आलेले आढळतात. असा फ्रॅग सावलीत हलवावा, दुसरे काही बदलू नये आणि झेपेल तसे बारीक प्लवकांचे खाद्य द्यावे, कारण भाडे थांबलेले असते. काही आठवड्यांनी रंग परततो तो बहुधा त्या तपकिरी कडेकडून, आधी चहाच्या डागासारखा फिका, मग हळूहळू वर चढत.